न पाहिलेला प्रयोग : 'हेअर', चॅटनूगा आणि रॉक संगीतिकेचे स्थळ

नाट्यसंहिता आणि नाट्यप्रयोग यांच्यातील नात्याची चर्चा मराठी समीक्षेने गेल्या काही दशकांत पुरेशा गांभीर्याने केली आहे. संहिता ही प्रयोगाची केवळ शक्यता असते, नाटकाची अर्थनिष्पत्ती प्रयोगात होते आणि ती प्रेक्षकाच्या सहभागाखेरीज पूर्ण होत नाही, इथपर्यंत आपण येऊन पोहोचलो आहोत. या साऱ्या चर्चेत एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली असते : प्रयोग होतो. तो झालाच नाही तर? एखाद्या गावाने एखादे नाटक न पाहताच त्याचा अर्थ लावला, त्यावर निवाडा दिला आणि नाट्यगृहाचे दार लावून घेतले, तर त्या गावात त्या नाटकाचे 'ग्रहण' झाले असे म्हणायचे की नाही? याउस यांच्या 'अपेक्षांच्या क्षितिजा'ची संकल्पना आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. पण वाचकाच्या हाती पुस्तक पडले आहे, येथूनच तिचा विचार सुरू होतो. पुस्तक हाती पडू न देणारे क्षितिज तिच्या कक्षेत सहजासहजी येत नाही.

हा प्रश्न एका परक्या उदाहरणात विलक्षण स्वच्छपणे मांडला गेला आहे. अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा या मध्यम आकाराच्या शहराने १९७१ साली 'हेअर' या रॉक संगीतिकेला नाट्यगृह नाकारले. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १८ मार्च १९७५ रोजी 'साउथईस्टर्न प्रमोशन्स विरुद्ध कॉनरॅड' या दाव्याचा निकाल लागला. कायद्याचे अभ्यासक पूर्वनिर्बंधाच्या संदर्भात हा निकाल वाचतात. तो नाट्यमीमांसेचा दस्तऐवज म्हणूनही वाचता येतो, असे मला वाटते. महानगराबाहेर पडलेल्या नाटकाच्या संहितेत एका अक्षराचाही बदल झाला नाही तरी ते नाटक दुसरे होते. नाट्यगृहाची मालकी, त्या वास्तूचा हेतू आणि नाटकाआधी गावात येऊन पोहोचलेली नाटकाची ख्याती हे तेथे अर्थाचे घटक बनतात. चॅटनूगा प्रकरणात हे तिन्ही घटक उघड्यावर आले.

प्रथम नाटकाविषयी. जेरोम रॅग्नी आणि जेम्स रॅडो यांचे लेखन आणि गाल्ट मॅकडरमॉट यांचे संगीत असलेले 'हेअर' १७ ऑक्टोबर १९६७ रोजी न्यूयॉर्कमध्ये जोसेफ पॅप यांच्या पब्लिक थिएटरमध्ये आले. तेथून ते 'चीता' नावाच्या डिस्कोथेकमध्ये गेले आणि २९ एप्रिल १९६८ रोजी टॉम ओहॉर्गन यांच्या दिग्दर्शनाखाली ब्रॉडवेवरच्या बिल्टमोर थिएटरात त्याचा शुभारंभ झाला. जुलै १९७२ मध्ये ते तेथून उतरले तेव्हा त्याचे १,७५० प्रयोग झाले होते. कथानक नावापुरतेच : व्हिएतनाम युद्धासाठी सक्तीच्या सैन्यभरतीचा हुकूम आलेला क्लॉड हा तरुण, त्याच्याभोवतीची लांब केसांची टोळी, आणि आपले भरतीपत्र जाळावे की न जाळावे हा त्याचा निर्णय न होणारा निर्णय. बाकी सारी गाण्यांची मालिका आहे. पहिल्या अंकाच्या अखेरीस मंद प्रकाशात काही नट विवस्त्र उभे राहतात. तसे उभे राहणे त्यांच्यावर बंधनकारक नव्हते. नाटकाची सारी बदनामी या काही क्षणांभोवती गोळा झाली.

येथे परिभाषेचा एक प्रश्न आहे. 'रॉक म्युझिकल'ला मराठीत 'रॉक संगीत नाटक' म्हणणे मला अवघड वाटते. आपल्या संगीत नाटकात पद हे पात्राच्या भावावस्थेचा विस्तार करते. नट पात्रातून बाहेर न येता गायक होतो, आणि रसिक दोघांनाही एकाच 'वन्स मोअर'मध्ये दाद देतो. रॉक संगीतिकेत गाणे पात्राचे कमी आणि पिढीचे अधिक असते. ते ध्वनिवर्धकातून येते, कानाआधी शरीराला भिडते, आणि खुर्चीत स्वस्थ बसणे हीच प्रेक्षकाची अडचण करून टाकते. 'हेअर'च्या अखेरीस प्रेक्षक रंगमंचावर चढून नटांबरोबर नाचत. अशा नाटकाला प्रेक्षागार आणि रंगमंच यांच्यातील सीमारेषेचा जाच होतो, आणि म्हणूनच ती सीमारेषा कोणाच्या मालकीची आहे हा प्रश्न त्याच्या बाबतीत आपोआप कळीचा ठरतो. न्यूयॉर्कमध्ये पूर्वी ग्रंथालय असलेली इमारत, नाचघर आणि कमानी रंगमंच अशा तीन वास्तू या एकाच नाटकाने सात महिन्यांच्या आत बदलल्या. महानगरात हे शक्य असते. एक दार लागले तर दुसरे उघडते, आणि म्हणून दाराचा विचार करण्याची समीक्षकाला गरजच भासत नाही.

दौऱ्यावर परिस्थिती उलटते. लहान शहरात मोठ्या प्रयोगाला पुरेल असे नाट्यगृह एखाददुसरेच असते आणि ते बहुधा नगरपालिकेच्या ताब्यात असते. दुसरीकडे, नाटकाची ख्याती त्याच्या आधी येऊन बसलेली असते. 'हेअर'ची गाणी नाटकाच्या कितीतरी पुढे धावली होती. फिफ्थ डायमेन्शन या गायकवृंदाने एकत्र गुंफलेली त्यातली दोन गाणी १९६९ मध्ये अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत सहा आठवडे अग्रस्थानी होती. मूळ नटसंचाच्या ध्वनिमुद्रिकेनेही त्याच वर्षी अग्रस्थान गाठले. म्हणजे रेडिओ असलेल्या कोणत्याही घरात 'हेअर' श्राव्य रूपाने येऊन गेलेच होते. रॉक संगीतिकेचा हा एक जातिविशेषच म्हणावा लागेल. 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' तर १९७० साली आधी ध्वनिमुद्रिका म्हणूनच जन्मले. अमेरिकेतला त्याचा पहिला अधिकृत जाहीर कार्यक्रम १२ जुलै १९७१ रोजी पिट्सबर्गच्या एका क्रीडागृहात झाला आणि ब्रॉडवेचा पडदा त्यानंतर तीन महिन्यांनी वर गेला. 'मूळ' प्रयोग महानगरात आणि त्याची फिकट प्रत गावोगावी, ही आपली नेहमीची उतरंड या नाट्यप्रकाराला नीट लागू पडत नाही.

आता चॅटनूगा. २९ ऑक्टोबर १९७१ रोजी साउथईस्टर्न प्रमोशन्स या संस्थेने तेथील टिव्होली या नाट्यगृहासाठी अर्ज केला. २३ नोव्हेंबरपासून सहा दिवस प्रयोग करायचे होते. टिव्होली ही १९२१ सालची भपकेबाज चित्रपटगृहाची वास्तू. मालकी खासगी, परंतु दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने ती शहराकडे आलेली होती. तिचा आणि शहराच्या मेमोरियल ऑडिटोरियमचा कारभार एकाच संचालक मंडळाकडे होता. मंडळाने थोडक्या चर्चेनंतर अर्ज फेटाळला. संचालकांपैकी कोणीही नाटक पाहिले नव्हते, संहिताही वाचलेली नव्हती. नाटकात नग्नता आणि अश्लीलता आहे असे त्यांच्या कानावर आले होते. तोवर 'हेअर' अमेरिकेतल्या १४०हून अधिक शहरांत होऊन गेले होते, ही नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रातच आहे.

या निर्णयाला दक्षिणेकडील कर्मठ गावाचा अडाणीपणा ठरवून मोकळे होणे सोपे आहे. तसे करू नये. मंडळापाशी एक कलाविचार होता, आणि तो लेखी होता. १९२४ साली मेमोरियल ऑडिटोरियमच्या समर्पणप्रसंगी निघालेल्या पुस्तिकेत या वास्तूचे प्रयोजन सांगितलेले आहे : ती शहराचे सामाजिक केंद्र व्हावी, नफ्यासाठी चालवली जाऊ नये, तेथे सांस्कृतिक उन्नती आणि स्वच्छ, निकोप करमणूक व्हावी, आणि त्यातून अधिक चांगला नागरिक घडावा. मंडळाच्या अध्यक्षांनी न्यायालयात याच आशयाचा आधार घेतला. कलेने नागरिक घडवावा ही भूमिका आपल्याला अनोळखी नाही. मराठी समीक्षेतल्या 'जीवनासाठी कला' या पक्षाच्या कितीतरी मांडण्यांशी ती सहज जुळते. चॅटनूगाच्या संचालकांना हास्यास्पद ठरवताना आपण आपल्याच परंपरेतला एक आदरणीय युक्तिवाद हास्यास्पद ठरवत असतो, याचे भान ठेवलेले बरे. शिवाय नकार देणारे चॅटनूगा एकटे नव्हते. अटलांटा, शार्लट, मोबील, ओक्लाहोमा सिटी, वेस्ट पाम बीच येथील नगरपालिकांविरुद्धही याच संस्थेला न्यायालयात जावे लागले आणि तेथे नाटकाच्या बाजूने निकाल मिळाले.

या प्रकरणातला सर्वांत बोलका तपशील निकालपत्रात ओझरता येतो. टिव्होलीचा प्रश्न अडून राहिल्यावर अर्जदारांनी ९ एप्रिल १९७२ या रविवारसाठी मोठे सभागृह, म्हणजे मेमोरियल ऑडिटोरियम, मागितले. ही वास्तू पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांचे स्मारक आहे. युद्धावर जावे की न जावे या प्रश्नाभोवती फिरणारे नाटक युद्धस्मारकाच्या रंगमंचावर! बिल्टमोर थिएटरात क्लॉडचे भरतीपत्र न जळणे ही एका तरुणाची द्विधा होती. स्मारकात ती मृतांशी थेट संवाद साधणारी घटना झाली असती. संहितेत नसलेला हा अर्थ वास्तूने पुरवला असता. न्यायालयातला वाद मात्र कपड्यांवर झाला. स्मारकाच्या छताखाली युद्धविरोधी गीत म्हणावे की नाही, यावर तो झाला असता तर निदान नाटकाच्या आशयाला धरून झाला असता. ब्रॉडवेवरच्या प्रयोगाला प्रमाण मानून 'हेअर'चे विवेचन करणाऱ्या समीक्षेला ही शक्यता दिसणारच नाही. पीटर ब्रुक यांचे 'द एम्प्टी स्पेस' हे पुस्तक १९६८ चे, म्हणजे 'हेअर' ब्रॉडवेवर आले त्याच वर्षीचे. चॅटनूगातले रंगमंच मात्र नाटक येण्यापूर्वीच भरलेले होते.

एप्रिल १९७२ मध्ये जिल्हा न्यायालयापुढे तीन दिवस सुनावणी झाली. नाटकाचा आशय ठरवण्यासाठी न्यायालयापुढे आलेला पुरावा असा : रंगसूचना आणि टिपणांसह संपूर्ण संहिता, गाण्यांचे ध्वनिमुद्रण, प्रयोगाची स्मरणपुस्तिका आणि अन्यत्र प्रयोग पाहिलेल्या सात साक्षीदारांचे कथन. ही यादी नाट्यसमीक्षेच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ओळखीची वाटेल. जुन्या नाटकांवर प्रबंध लिहिताना आपल्यापाशीही हीच साधने असतात. छापील संहिता, तबकड्या, जाहिराती आणि आठवणी. न्यायालय आणि विद्यापीठ दोघेही अनुपस्थित प्रयोगाची अवशेषांवरून पुनर्रचना करतात. विद्यापीठाच्या पुनर्रचनेने कोणाचा प्रयोग थांबत नाही, हा फरक अर्थात मोठा आहे.

या पुनर्रचनेतून न्यायालयाने काढलेला निष्कर्ष सैद्धान्तिक दृष्ट्या मोलाचा आहे, चुकीचा असूनही. सल्लागार ज्यूरीने प्रयोग अश्लील ठरवला. न्यायालयाने त्याला दुजोरा दिलाच, शिवाय प्रयोगाचे दोन तुकडे केले. शब्द आणि गीत हा एक तुकडा. नटांचे देह आणि त्यांची कृती हा दुसरा. पहिला भाषणस्वातंत्र्याच्या कक्षेत येतो, दुसरा निव्वळ वर्तन आहे आणि वर्तनाला ते संरक्षण नाही, असा हा तर्क. बलात्कार किंवा खून यांच्याशी त्याची तुलना करण्यापर्यंत तो गेला. भरताने वर्णिलेला आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असा चतुर्विध अभिनय आपल्या परिचयाचा आहे. हे चार प्रकार विवेचनासाठी वेगळे केले जातात. प्रयोगात ते वेगळे राहत नाहीत, आणि राहिले तर रसनिष्पत्ती होत नाही. न्यायालयाने वाचिकापासून आंगिक कापून काढले आणि आहार्याच्या अभावालाच गुन्हा ठरवले. पण या कापाकापीचे श्रेय केवळ न्यायाधीशांना देता येणार नाही. तो तुकडा आधीच पडलेला होता. वाचिक रेडिओवरून घरोघरी वाजत होते आणि कोणाची त्याला हरकत नव्हती. हरकत देहाच्या उपस्थितीला होती. ध्वनिमुद्रिकेच्या उद्योगाने गाणे नटापासून सोडवून विकले, आणि न्यायालयाने त्या विक्रीला तत्त्वाचे रूप दिले. रॉक संगीतिकेला जी लोकप्रियता गावागावांत घेऊन गेली, तिनेच तिच्या विच्छेदनाचे हत्यारही पुरवले.

महानगर उदार आणि गाव संकुचित, अशा विभागणीला बोस्टनचे उदाहरण छेद देते. विद्यापीठांच्या परिसरातल्या या जुन्या सुसंस्कृत शहरातही १९७० साली 'हेअर' बंद पडले. परंतु मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायमूर्तींनी तेथे स्वतः जाऊन प्रयोग पाहिला. नाटकाला त्यांनी अभिव्यक्ती म्हणून मान्यता दिली आणि नटांनी अंगावर पुरेसे कपडे ठेवावेत, काही प्रसंग गाळावेत अशा अटी घातल्या. निर्मात्यांनी त्या अटींवर प्रयोग करण्यापेक्षा तो थांबवणे पसंत केले. पुढे संघराज्य न्यायालयाने हस्तक्षेप केला आणि सर्वोच्च न्यायालयात मते समसमान पडल्याने तो निर्णय कायम राहिला. बोस्टनचा निवाडाही बंधन घालणाराच होता. तरी तो एका प्रेक्षकाचा निवाडा होता. चॅटनूगात प्रेक्षकच निर्माण होऊ दिला गेला नाही.

सर्वोच्च न्यायालयाचे बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी लिहिले. शब्द आणि कृती यांचे मिश्रण हा नाटकाचा स्वभावच आहे, तेवढ्यावरून त्याला वेगळी आणि कठोर कसोटी लावता येणार नाही, असे सांगून त्यांनी जिल्हा न्यायालयाचे विच्छेदन मोडीत काढले. नाटक अश्लील आहे की नाही, हा प्रश्न त्यांनी हाताळलाच नाही. मंडळाचा नकार हा पूर्वनिर्बंध आहे. असा निर्बंध घालायचाच तर सिद्ध करण्याचा भार निर्बंध घालणाऱ्यावर असावा, तो अल्पकाळ असावा आणि न्यायालयाचा निर्णय तातडीने मिळावा. चॅटनूगात यातले काहीच नव्हते, म्हणून नकार अवैध. न्यायमूर्ती डग्लस यांना हेही अपुरे वाटले. आशय पाहून निवड करण्याचा अधिकारच नगरपालिकेला नसावा, अशी त्यांची भूमिका होती.

विरोधी मतांपैकी न्यायमूर्ती रेन्क्विस्ट यांचे मत मला अधिक विचारात पाडते. ऑपेरागृहाने केवळ ऑपेराच करायचे ठरवले तर ते चालेल, की त्याने रॉक संगीतिकाही केल्या पाहिजेत? नगरपालिकेच्या नाट्यगृहाला एक अख्खा हंगाम शेक्सपिअरला देता येईल की नाही? निष्कर्षाने ते चुकले असे मी म्हणेन, पण प्रश्न खरा आहे. नाट्यगृहाला स्वतःचे व्यक्तिमत्त्व असावे की त्याने येईल त्याला क्रमाने तारखा द्याव्यात? निवड ही समीक्षेची मूलभूत कृती आहे. निवड करणारा प्रत्येक जण निर्बंधक ठरवला तर अभ्यासक्रम नेमणारी आपली मंडळेही सुटणार नाहीत. फरक कोठे करायचा, याचे उत्तर चॅटनूगाच्या तपशिलातच आहे : निवड करणारा वाचतो आणि पाहतो. त्या संचालकांनी यातले काहीच केले नव्हते.

महाराष्ट्रात या प्रश्नाला दुहेरी रूप आहे. येथे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ संहिता वाचते; म्हणजे चॅटनूगात जे घडले नाही ते येथे नियमाने घडते. परंतु १९७२ मधल्या 'सखाराम बाइंडर'च्या प्रकरणाने दाखवून दिले की वाचन ही काही हमी नव्हे. मंडळाशी झालेला तो झगडा कमलाकर सारंगांनी 'बाइंडरचे दिवस'मध्ये नोंदवला आहे. दुसरे रूप तारखांचे आहे. मुंबईबाहेर नाटक जिथे जाते तिथे नाट्यगृह बहुतेक वेळा नगरपालिकेचे असते, आणि तारीख न मिळणे याला बंदी म्हणत नाहीत. रॉक संगीतिकेची आपल्याकडील वाटही या अनुषंगाने पाहावी. अलेक पदमसी यांनी १९७४ मध्ये मुंबईत 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' केले. त्यात ज्यूडास गाणारे नंदू भेंडे १९७८ मध्ये थिएटर अकॅडमीच्या 'तीन पैशाचा तमाशा'त अंकुश झाले. इंग्रजी रंगभूमीवरचा तो आवाज मराठीत आला तो ब्रेख्टच्या आणि तमाशाच्या आश्रयाने. त्याला मराठीत रॉक संगीतिका म्हणून स्वतंत्र घर मिळाले नाही.

चॅटनूगाच्या निकालात पूर्वनिर्बंध 'अल्पकाळ' असावा ही अट वरकरणी कोरडी, प्रक्रियेपुरती वाटते. 'हेअर'सारख्या नाटकाच्या बाबतीत ती सौंदर्यशास्त्रीय अट आहे. अर्ज केला तेव्हा टेनेसीतल्या विशीच्या मुलाच्या खिशात खरेच भरतीपत्र होते. प्रेक्षागारातला तरुण आणि रंगमंचावरचा क्लॉड यांच्यात तेवढे एक कागदाचे अंतर होते, आणि प्रयोगाचा सारा ताण त्या अंतरात होता. जानेवारी १९७३ मध्ये सक्तीची भरती थांबली. निकाल लागला तेव्हा ब्रॉडवेवरचा प्रयोग बंद होऊन पावणेतीन वर्षे झाली होती आणि सायगाव पडायला सहा आठवडे उरले होते. न्यायालयाने चॅटनूगाला नाटक परत दिले. त्याचा वर्तमानकाळ परत देणे त्याच्या हाती नव्हते. मिलॉश फोरमन यांच्या १९७९ च्या चित्रपटात आणि २००९ मध्ये ब्रॉडवेवर झालेल्या पुनरुज्जीवनात 'हेअर' कालखंडाचे नाटक म्हणूनच आले. त्या पुनरुज्जीवनातही अखेरीस प्रेक्षकांना रंगमंचावर नाचायला बोलावले जात असे, आणि ते जात. त्यांच्यापैकी कोणाच्याही खिशात भरतीपत्र नव्हते.